कार्लाइलचा १९१२ चा हंगाम: मैदानावरचा हिशेब आणि कचेरीतला हिशेब

शनिवार, २६ ऑक्टोबर १९१२. वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनविरुद्धचा सामना ३४-२० असा जिंकून पोरं आगगाडीत बसली ती कॅनडाला जायला. सोमवारी, २८ तारखेला, टोरोंटोत तिथल्या निवडक रग्बी खेळाडूंशी गाठ. तो सामना ४९-१ असा खिशात. त्या शनिवारी पुन्हा पेनसिल्वेनियात परतून लीहाय विद्यापीठाला ३४-१४ असं हरवलं. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी हडसन नदीकाठचं वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकेची लष्करी अकादमी.

कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल या शाळेच्या फुटबॉल संघाचे हे दोन आठवडे. हंगाम २१ सप्टेंबरला सुरू झाला, २८ नोव्हेंबरला संपला. ६९ दिवसांत १४ सामने: १२ जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. केलेले गुण ५०४, दिलेले ११४. खेळाच्या प्रशिक्षकांपुढे हे प्रकरण मी मांडतो तेव्हा आधी हे वेळापत्रकच वाचून दाखवतो, कारण 'नैसर्गिक गुणवत्ता' हा शब्द या संघाच्या बाबतीत फार सैल हाताने वापरला गेला आहे. एवढा प्रवास करून दर आठवड्याला नव्या मैदानावर उभं राहायचं, तर नुसत्या अंगच्या गुणांवर भागत नाही.

एक खुलासा आधीच करतो. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं, आणि ठरलेल्या संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकता आलं तर चेंडू तुमच्याकडे, नाही तर प्रतिस्पर्ध्याकडे. आणि इथले 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, तर अमेरिकेतले मूळ रहिवासी.

कॉलेज नसलेलं कॉलेज

कार्लाइल हे खरं तर कॉलेज नव्हतंच. हार्वर्ड, पेनसिल्वेनिया, सिराक्यूज या विद्यापीठांशी ते खेळत असल्यामुळे नोंदी कॉलेज फुटबॉलमध्ये होतात इतकंच. पेनसिल्वेनियातल्या कार्लाइल गावात लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या. १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने सरकारकडून त्या मागून घेतल्या आणि तिथे आदिवासी मुलामुलींची निवासी शाळा काढली. 'आतला इंडियन मारा आणि माणूस वाचवा' हे प्रॅट यांचं १८९२ सालच्या भाषणातलं सूत्र, आणि शाळा अक्षरशः त्यावर चालली.

मुलं शेकडो मैलांवरून यायची. आल्याबरोबर केस कापले जायचे. लाकोटा आणि इतर अनेक जमातींत घरात कुणी गेलं की केस कापतात. त्यामुळे आई-बापांपासून तोडून आणलेल्या त्या लेकरांना त्या कात्रीचा काय अर्थ लागला असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सुरुवातीच्या तुकडीतल्या मुलांना फळ्यावर लिहिलेल्या ओळीपुढे उभं करून हातात काठी दिली गेली. अक्षर ओळखता येत नव्हतं. काठी ज्या शब्दावर टेकेल ते आजपासून तुझं नाव. मग गणवेश, कवायत, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस कष्टाचं काम. आपली भाषा बोलायला बंदी. सुट्टीत घरी पाठवण्याऐवजी गोऱ्या शेतकऱ्यांकडे नाममात्र मजुरीवर राबायला पाठवत.

या वातावरणात फुटबॉल कुणी शिकवायला घेतला नव्हता, पोरांनीच तो हट्टाने मागून घेतला. एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅट यांनी बाहेरच्या संघांशी खेळणं बंद केलं होतं. मुलं शिष्टमंडळ घेऊन त्यांच्याकडे गेली आणि परवानगी घेऊनच परतली. प्रॅट यांच्या दोन अटी होत्या. प्रतिस्पर्ध्याने काहीही केलं तरी कुणावर हात उगारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत तगड्या संघाला हरवून दाखवायचं. मारामारी केली तर लोक म्हणणार, बघा, रानटी ते रानटीच. पहिली अट या भीतीतून आलेली होती. तिचं ओझं अर्थातच मुलांच्या खांद्यावर होतं.

हाताशी काय होतं

प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर पहिल्यांदा १८९९ मध्ये इथे आले, १९०३ नंतर गेले आणि १९०७ मध्ये परतले. त्यांची हयात डोकं लढवण्यात गेली. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध त्यांच्या संघाने चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागून सारला. जर्सीला आधीच शिंप्याकडून इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले आणि चार्ली डिलन पाठीवर कुबड घेऊन सरळ गोलरेषेपार गेला. तो सामना कार्लाइल १२-११ असा हरलं, पण हा डाव लोक अजून सांगतात.

मात्र १९१२ चं यश अशा करामतींवर उभं नव्हतं. ते समजायचं तर नियम पाहावे लागतात.

१९०५ च्या हंगामात या खेळात इतके मृत्यू झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं. तोवर फुटबॉल म्हणजे जाडजूड माणसांची भिंत समोरच्या भिंतीवर आदळायची. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, पण तिच्यावर इतकी बंधनं होती की बहुतेक मोठ्या संघांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कार्लाइलने पाहिलं. १९०७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी बलाढ्य पेनसिल्वेनिया संघाला फेक आणि पळ यांच्या मिश्रणाने २६-६ असं लोळवलं.

मग आला १९१२. या वर्षीच्या नियमबदलांनी खेळ मोकळा केला. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार संधी. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याचे, पाचऐवजी सहा गुण. मैदान ११० वरून १०० यार्डांवर आणि दोन्ही टोकांना दहा यार्डांचा पट्टा, जिथे फेकलेला चेंडू झेलता येईल. फेकीवरची वीस यार्डांची मर्यादाही गेली. हलक्या, चपळ आणि दमदार संघाला याहून चांगलं काय हवं? कार्लाइलची मुलं प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बहुधा वजनाने कमी असायची. निवडायला मोजकीच मुलं. राखीव फळी तुटपुंजी. जुन्या नियमांत हे सगळं उणं होतं. नव्या नियमांत त्यातलं निम्मं तरी अधिक झालं.

माझ्या मते या प्रकरणाचा तांत्रिक गाभा इथेच आहे. नियम सगळ्यांसाठी एकाच दिवशी बदलले. पण मोठ्या विद्यापीठांकडे जुनी पद्धत चालवण्याइतकं वजन होतं, म्हणून त्यांना बदलायची घाई नव्हती. कार्लाइलकडे ते वजन कधीच नव्हतं, त्यामुळे हा मोकळा खेळ ते पाच वर्षं आधीपासूनच घोटत होते.

आता माणसं. कर्णधार आणि डावा हाफबॅक, म्हणजे ओळीमागे उभा राहून चेंडू घेऊन पळणारा, जिम थॉर्प, सॅक अँड फॉक्स जमातीचा, आजच्या ओक्लाहोमातला. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं त्याने आणली होती. शाळेचाच होपी धावपटू लुई टेवानिमा १०,००० मीटरमध्ये रौप्य घेऊन आला होता. क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव पुकारणारा, गस वेल्च, ओजिब्वे, विस्कॉन्सिनचा, डाव रचण्यात तल्लख. टॅकल, म्हणजे पुढच्या ओळीत उभा राहून प्रतिस्पर्ध्याला अडवणारा, जो गायॉन, तोही ओजिब्वे. दुसरा हाफबॅक अ‍ॅलेक्स आर्कासा, पश्चिमेकडच्या कोलव्हिल राखीव प्रदेशातला. फुलबॅक स्टॅन्सिल पॉवेल, चेरोकी. कॅलिफोर्नियाचा पीट कॅलॅक नव्याने आलेला. घरच्या भाषा एकमेकांना न कळणारी ही मुलं, त्यांना जोडणारी भाषा इंग्रजी, तीही सक्तीने शिकवलेली. त्याच भाषेत त्यांनी आपले डाव बांधले.

नऊ नोव्हेंबर

हंगामाची सुरुवात सोपी गेली. ऑल्ब्राइट ५०-७, लेबनॉन व्हॅली ४५-०, गावातलंच डिकिन्सन कॉलेज ३४-०, व्हिलानोव्हा ६५-०. मग वॉशिंग्टन अँड जेफरसनने ०-० असं अडवलं. त्या एका बरोबरीनंतर संघ पेटला. आदल्या वर्षी चिखलात एका गुणाने हरवणाऱ्या सिराक्यूजला ३३-० असं परतवलं, पिट्सबर्गला ४५-८.

वेस्ट पॉइंटचा सामना वेगळा होता, आणि तो का वेगळा होता हे दोन्ही बाजूंच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वुंडेड नी इथे अमेरिकन सैन्याने लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली ती डिसेंबर १८९० मध्ये. म्हणजे या खेळाडूंतली काही तेव्हा बोट धरून चालणारी पोरं होती, तर काही अजून जन्मायची होती. त्यांची शाळा लष्कराच्या बराकीत, अंगावरचा गणवेश लष्करी धाटणीचा, सकाळची कवायत लष्करी. आणि आता समोर त्याच सैन्याचे भावी अधिकारी. तुमच्या बाप-आज्यांशी ज्यांचे बाप-आजे लढले, ते आज समोर आहेत, अशी आठवण वॉर्नर यांनी सामन्याआधी करून दिली असं सांगतात. करून दिली असेलही. मला नाही वाटत, त्या मुलांना ती करून द्यायची गरज होती.

पहिला टचडाउन लष्कराने केला. त्यानंतरची किक चुकली आणि ६-० अशी आघाडी राहिली. कार्लाइलने उत्तर दिलं, किकही साधली, आणि मध्यंतराला ७-६.

त्या दिवशी वॉर्नर यांनी नवी मांडणी काढली होती, तिला पुढे डबल विंग म्हणू लागले. नेहमी दोन्ही हाफबॅक बरेच मागे, क्वार्टरबॅकच्या पाठीशी उभे असत. या मांडणीत त्यांना पुढे आणून ओळीच्या दोन टोकांबाहेर, जरासं मागे उभं केलं. एवढंच. पण यामुळे काय होतं ते बघा. चेंडू उचलला जाताच एका टोकाचा हाफबॅक आत वळून मागून धावत येतो. चेंडू त्याच्या हातात गेला, की गेल्यासारखा दिसला? बचाव करणाऱ्याला अर्ध्या क्षणात ठरवायचं असतं. कबड्डीत चढाईला आलेला खेळाडू खांद्याने डावीकडे हूल देतो आणि पाय उजवीकडे टाकतो, तसं इथे अख्खा संघच हूल देतो. त्यात ते टोकाचे दोघे प्रतिस्पर्ध्याच्या कडेच्या खेळाडूला बाजूने अडवूही शकतात आणि फेक झेलायला पुढे पळूही शकतात. समोरच्या जड माणसांचं वजन तिथे कामाचं नाही. ज्याच्यावर कोसळायचं तो तिथे नसतोच.

दुसऱ्या अर्धात लष्कराचा कर्णधार लीलँड डेव्होर याचा तोल गेला. गायॉन त्याला पहिल्यापासून हैराण करत होता. डाव थांबल्यावर डेव्होरने धावत येऊन त्याच्यावर उडी घेतली, आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. 

लष्कराच्या संघात बावीस वर्षांचा एक तरुण होता, ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. थॉर्पला सामन्याबाहेर काढायचंच या इराद्याने तो आणि त्याचा एक साथीदार दोन बाजूंनी त्याच्यावर चालून गेले. थॉर्प ऐन वेळी थबकला आणि ते दोघे एकमेकांवरच आदळले. बाहेर जावं लागलं ते त्यांनाच. शेवटी २७-६. कार्लाइलच्या चार टचडाउनपैकी तीन आर्कासाचे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण या सामन्याच्या कथेत एकटा थॉर्पच उरतो. सगळा बचाव थॉर्पकडे खेचला जात होता, म्हणूनच आर्कासाला वाट मिळत होती, आणि ती वाट उघडत होते गायॉनसारखे ओळीतले खेळाडू.

आयझेनहॉवर यांनी १९६१ सालच्या एका भाषणात थॉर्पची मनापासून स्तुती केली. त्याने आयुष्यात कधी सराव केला नाही, तरी पाहिलेल्या प्रत्येक खेळाडूपेक्षा तो सरस होता, असं ते म्हणाले. आदरातून आलेलं असलं तरी हे वाक्य मला खुपतं. १४ सामन्यांचा हंगाम, नवी मांडणी, चालत्या पायाने साधायच्या किक, हे सराव न करता येत नाही. आदिवासी खेळाडूचं कसब 'रक्तातलं' म्हणून सांगितलं की त्याचा घाम कुणाच्याच हिशेबात धरावा लागत नाही.

सात दिवसांनी फिलाडेल्फियात हाच संघ पेनसिल्वेनियाकडून ३४-२६ असा हरला. आधी कॅनडाची वारी, मग वेस्ट पॉइंट, आणि बदली खेळाडू थोडे. डोंगर चढून झाल्यावर पाय उतारावर लटपटतात तसंच काहीसं. २६ गुण करूनही हरले, म्हणजे आक्रमण शाबूत होतं, बचाव ढेपाळला होता. पुढे स्प्रिंगफील्डला ३०-२४, आणि ब्राउन विद्यापीठाला ३२-० असं हरवून हंगाम संपला. कार्लाइलकडून थॉर्पचा तो अखेरचा सामना. हार्वर्ड आणि पेन स्टेट त्या वर्षी एकही सामना न हरता राहिले, त्यामुळे अजिंक्यांच्या यादीत कार्लाइल नाही. पण त्या हंगामाची आजही आठवण काढली जाते ती कार्लाइलचीच.

कचेरीतला हिशेब

इथवर ही यशोगाथा आहे, आणि बरेच जण इथेच थांबतात. प्रशिक्षकाने, व्यवस्थापकाने, शाळेच्या संचालकाने मात्र पुढचं वाचायलाच हवं.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्राने बातमी छापली: थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला होता. तेव्हाच्या नियमांनुसार ऑलिम्पिक हौशी खेळाडूंसाठीच होतं. कॉलेजची कितीतरी मुलं खोट्या नावाने असं खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. मी एक इंडियन शाळकरी मुलगा होतो, मला या गोष्टींची नीट माहिती नव्हती, असं त्याच्या सहीच्या पत्रात आहे. १९११ मध्ये त्याला शाळेत परत बोलावणारे वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन, दोघांनीही कानांवर हात ठेवले: आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. ज्याचा सगळ्यात मोठा खेळाडू दोन उन्हाळे गायब होता त्या प्रशिक्षकाला तो कुठे होता हे ठाऊक नसावं, हे माझ्या गळी उतरत नाही. पदकं काढून घेतली गेली. ऑलिम्पिकच्या नियमांत तक्रारीला तीस दिवसांची मुदत होती, ती केव्हाच उलटून गेली होती. याच मुद्द्यावर १९८२ साली पदकं परत देण्याचा निर्णय झाला. थॉर्प १९५३ मध्येच वारला होता. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव नोंदीत पुन्हा आलं ते २०२२ मध्ये.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. वेस्ट पॉइंटच्या विजयानंतर काही काळातच विद्यार्थ्यांनी सरकारकडे तक्रार अर्ज केला. त्यात पुढाकार होता क्वार्टरबॅक गस वेल्चचा. ज्याने मैदानावर डाव रचले त्यानेच हा अर्ज पुढे नेला. फेब्रुवारी १९१४ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीने कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. सामन्यांच्या तिकिटांतून आलेला पैसा शाळेच्या क्रीडा मंडळाच्या खात्यात जायचा, आणि त्यावर वॉर्नर यांची मोठी पकड होती. त्यातून खेळाडूंना रोख रकमा दिल्या गेल्या होत्या. ज्या शाळेच्या प्रशिक्षकाने बेसबॉलच्या चार पैशांबद्दल नवल केलं, तिथेच हे चालू होतं. मुलांनी वॉर्नर यांच्या शिवीगाळीबद्दल आणि मारहाणीबद्दल साक्षी दिल्या. प्रशिक्षक म्हणून ते चांगले, पण त्यांना कसलंही तत्त्व नाही, असं वेल्चने समितीपुढे सांगितलं.

हंगामामागून हंगाम ज्या माणसाच्या डावांवर आपण जिंकतो, त्याच्याविरुद्ध विशीतल्या मुलाने साक्ष द्यायची. सगळ्या आदिवासींना देशाचं नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये, म्हणजे या अर्जावर सही करणाऱ्यांतल्या कित्येकांना कायद्याने मतही नव्हतं. माझ्या लेखी हे धाडस वेस्ट पॉइंटच्या विजयापेक्षा तसूभरही कमी नाही.

फ्रीडमन यांना पदावरून जावं लागलं. वॉर्नर १९१४ च्या हंगामानंतर पिट्सबर्गला गेले आणि तिथे आणखी नाव कमावलं. १९१८ मध्ये शाळा बंद झाली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी लष्कराने आपल्या बराकी परत घेतल्या. आज तिथे लष्कराचं युद्ध महाविद्यालय आहे. परिसरात एक लहानसं कब्रस्तान आहे, शाळेत असताना दगावलेल्या मुलांचं. २०१७ पासून त्यांतल्या काहींचे अवशेष उकरून त्यांच्या त्यांच्या जमातींकडे, घरच्या मातीत परत नेले जात आहेत.

थॉर्प, गायॉन आणि कॅलॅक पुढे ओहायोतल्या कँटन बुलडॉग्ज या व्यावसायिक संघात पुन्हा एकत्र खेळले. तिथे खेळाचे पैसे त्यांच्या हातात मिळत होते.